आधी कूलर वर न्या, मेसेजचं मग बघू

पत्र :

ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. घरात मी, माझे मिस्टर, दहावीत गेलेला मुलगा आणि सासरे, म्हणजे मामाजी. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मामाजी रेल्वेत गार्ड होते, इतवारीहून सुटणाऱ्या नॅरोगेजवर. आता वय ७६. स्मार्टफोन त्यांना नातवानंच शिकवला. तेव्हापासून पहाटे साडेपाचला आमच्या 'परिवार' ग्रुपवर त्यांचे मेसेज सुरू होतात. सैन्य, इस्रो, राष्ट्रगीत, आणि उन्हाळा लागला की तापमान. परवा त्यांनी 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा मेसेज पुन्हा टाकला. मुलानं सगळ्यांसमोर लिहिलं, 'आजोबा, हे फेक आहे. तुमचं ते ५६ डिग्रीवालं पण फेक होतं. चेक करून टाकत जा ना,' आणि पुढे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे. पुण्या-हैदराबादच्या भाचरांनीही तेच चेहरे लावले. मामाजी ग्रुपमधून बाहेर पडले. 'तुमच्या पिढीला देश म्हणजे पंधरा ऑगस्टची सुट्टी' एवढं बोलले आणि वरच्या खोलीत राहायला गेले. तिथं नुसता पंखा आहे. खाली हॉलमध्ये कूलर आहे, आमच्या खोलीत एसी आहे, पण उतरत नाहीत. ताट मी वर नेते. मिस्टरांनी ग्रुप कधीचाच म्यूट केलेला. ते म्हणतात, दोघंही हट्टी आहेत, होईल आपोआप. मुलगा म्हणतो, मी खोटं काय बोललो? मुलाला माफी मागायला लावू का? आणि हे मेसेज थांबवायचे कसे?
– एक सून, नागपूर

उत्तर :

ताई, माफीचं आणि मेसेजचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातल्या 'तिथं नुसता पंखा आहे' या वाक्यानं मला धडकी भरली.

नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू आहे. वरची खोली म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि सूर्य बुडाल्यावर सगळी उष्णता खाली सोडत बसतो, म्हणून रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा खोलीत पंखा थंडावा देत नाही. आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. खोलीतली हवा चाळिशीच्या वर गेली की पंखा भट्टीतली हवा अंगावर मारतो. तरण्या माणसाला घाम येतो, तो सुकतो, निभावतं. शहात्तराव्या वर्षी घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. त्यात माणूस रुसलेला. रुसलेलं माणूस पाणी मागत नाही.

तुम्ही त्यांना खाली आणायच्या मागे आहात. ते सोडा. कूलर वर न्या.

हे काम तुमच्या मिस्टरांचं. आज संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, चपला काढायच्या आधी. लोखंडी कूलर असेल तर सोबतीला शेजारच्याला बोलवावं लागेल, बोलवू द्या. वर नेताना भाषण करायचं नाही. 'बाबा, तुमच्या तब्येतीसाठी' हे तर मुळीच नाही, त्यानं म्हातारी माणसं अजून चिडतात. 'बाबा, कूलर कुठं लावू?' एवढंच विचारायचं. जागा ते दाखवतील. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस प्लगपॉइंट कुठं, पाणी कुठून चढेल आणि स्टँड कुठं डुगडुगेल हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

लावताना एक बघा. कूलरला आपल्याकडची कोरडी हवा लागते, बाजूंच्या ओल्या ताट्यांतून, म्हणजे गवताच्या पॅडमधून, ती आली की गार होते. पण आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवी. पुष्कळ लोक उन्हाची झळ नको म्हणून समोरची खिडकी लावून घेतात आणि मग म्हणतात, कूलर चालू आहे पण चिकचिक होते. समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. ताट्या गेल्या वर्षीच्याच असतील तर बदला, क्षारानं त्या दगडासारख्या होतात आणि पाणी नुसतं कडेनं ओघळतं. आणि टाकीत पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग आहे की नाही तेही एकदा वायरमनकडून बघून घ्या. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात पाणी भरणारी बाईमाणसं आणि लेकरंही असतात.

जमलं तर स्लॅबवर चुना मारून घ्या. खर्च फार नाही आणि फरक हाताला कळतो.

मामाजींना बीपीची गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, तिच्यात लघवी जास्त होणारं औषध आहे का, आणि या दिवसांत त्याचं काय करायचं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ताटाबरोबर मठ्ठा, पन्हं, जे त्यांना आवडतं ते ठेवा आणि रिकामा ग्लास परत येतो का ते बघा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवू द्या, त्यानं अपाय नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी एक वाजता बँकेत जायचं नाही. बोलण्यात गडबड व्हायला लागली, चालताना झोक जायला लागला, अंग तापून कोरडं पडलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर 'ऊन लागलंय, झोपू दे जरा' असं म्हणत थांबू नका. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर ओली चादर, पंखा, मानेत आणि काखेत गार पाण्याच्या पट्ट्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

एवढं झालं की मग रुसवा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मामाजी बोलतात, मुलगा बोलतो, हैदराबादची भाचरंसुद्धा चेहरे टाकतात. बोलत नाही तो एकच माणूस, तुमचा नवरा. बाप त्याचा, पोरगा त्याचा, ग्रुप त्याच्या घराण्याचा, आणि त्यानं तो म्यूट करून ठेवलाय. जिना मात्र तुम्ही चढता, ताट घेऊन, दोन्हीकडचं ऐकून घेत. मला पत्रही तुम्हीच लिहिलंत. 'होईल आपोआप' म्हणणाऱ्या घरात ते आपोआप होत नसतं, कुणीतरी बाई ते करत असते. राग मानू नका, पण हा निरोप्याचा धंदा तुम्ही आता बंद करा. ताट नेणं चालू ठेवा, ते माणुसकीचं आहे. 'तो असं म्हणतो', 'ते तसं म्हणतात' हे वर-खाली नेणं थांबवा. मिस्टरांना सांगा, कूलर वर नेल्यावर तिथंच अर्धा तास बसा. काही बोललं पाहिजे असं नाही. सासूबाई गेल्यापासून ते बापाजवळ शेवटचे कधी निवांत बसले होते, विचारा त्यांना.

त्याच बैठकीत हेही कळेल की पहाटेचे मेसेज कशाचे आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत साडेपाचला उठून मामाजी कुणाशी बोलत असतील? चहाच्या कपाशी तर नाही. आता बोलायला फोन उरलाय. सूर्योदयाचा फोटो, जवानाचा फोटो, खाली 'जय हिंद', आणि त्याचा अर्थ इतकाच की मी उठलोय, तुम्ही उठलात का? जरा मागे जाऊन बघा, गेल्या महिन्याभरात त्यांच्या किती मेसेजला कुणी शब्दानं उत्तर दिलंय. अंगठ्याचं चित्र त्यात धरू नका. मला वाटतं, राष्ट्रगीताच्या त्या मेसेजवर त्यांना पहिल्यांदाच घरातल्या इतक्या जणांची उत्तरं आली, आणि ती सगळी हसण्याची होती.

आता तुमचा मुलगा. माहितीच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे, आणि ते कुणी त्याच्याकडून काढून घेऊ नये. युनेस्कोनं राष्ट्रगीतांची स्पर्धा लावून असा निकाल कधी दिलेला नाही. तो मेसेज ईमेलच्या काळापासून फिरतोय. 'जन गण मन' २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं आणि २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं. आपल्याला उभं राहायला एवढं पुरे. बाहेरच्या कुणाचं सर्टिफिकेट त्याला कशाला लागतं?

५६ अंशांचं मात्र पोरानं एका फटक्यात 'फेक' म्हणून उडवलं, तिथं तो थोडा घसरला. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ हा आकडा खरोखर उमटला होता. मामाजींनी तो स्वप्नात पाहिलेला नाही. पण त्याच दिवशी दुसरी काही केंद्रं त्याच्या कितीतरी खाली होती, आणि हवामान खात्यानंच तपासून सांगितलं की उपकरणात बिघाड होता. मेसेज आकड्यापर्यंतच थांबतो, पुढचं सांगत नाही, आणि दर नवतप्यात जुनाच नव्यानं फिरतो. वर 'सरकारने खरा आकडा दडपला' अशी फोडणी. अर्धं खरं असलेले मेसेज सगळ्यात जास्त फसवतात, कारण पाठवणाऱ्याला वाटतं, मी तर पेपरात वाचलं होतं.

(पारा मोजायला पांढरी, झरोक्यांची पेटी का लागते हे पोराला विचारा. गच्चीवर उन्हात धरलेला मोबाईल आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा हवेबरोबर तापलेला पत्राही मोजतो. आपल्याकडे अर्धे फोटो असेच निघतात आणि मग 'आज नागपूर ५०' म्हणून फिरतात. अहो, ४७ च्या वर आपण खरोखर गेलेलो आहोत, फुगवायची गरज काय?)

तर माफी. खरं बोलल्याबद्दल माफी मागायला लावू नका. आज लावलीत तर पोरगा हे शिकेल की घरात मोठ्यांसमोर खोटं चालवून घ्यायचं असतं, आणि उद्या कुणी आजोबांच्या फोनवर बँकेच्या नावानं ओटीपी मागितला तर तो सांगायला येणार नाही. माफी मागायची ती त्या हसणाऱ्या चेहऱ्यांची, आणि सगळ्यांच्या पुढ्यात बोलल्याची. एवढी मागायची, आणि ती वरच्या खोलीत जाऊन. ग्रुपवर माफी टाकली की परत सगळे जमतात, परत अंगठे. 'आजोबा, मी ते हसायला नको होतं, चुकलं माझं.' पुढे 'पण' म्हणायचं नाही. पंधराव्या वर्षी 'पण' गिळणं फार अवघड असतं. त्यावर मामाजी काही बोलले नाहीत तरी चालेल. खाली येऊन त्यानं तुम्हाला 'झालं समाधान?' म्हणायचं नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

आणि दुसऱ्या दिवसापासून कूलरमध्ये पाणी भरायचं काम नातवाचं. सकाळ-संध्याकाळ. प्लग काढून, आजोबांच्या देखरेखीखाली. ते नक्की ओरडतील, पाइप असा नाही तसा धर. ओरडू द्या.

मेसेज थांबवायचे कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न. थांबवू नका. फोन काढून घेणं, 'तुम्ही आता काही टाकू नका' म्हणणं, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय, त्यानं माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. पोरानं शिकवायचं राहून गेलेलं ते आता शिकवावं. फोन कसा चालवायचा हे त्यानं शिकवलं, आलेलं पारखायचं कसं हे शिकवलंच नाही. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ते बंधन व्हॉट्सअ‍ॅपनं २०२० मध्ये घातलं. मामाजींना वाटत असेल आपला फोन बिघडलाय. त्यांना एकदा कारण कळू द्या. सरकारबद्दल, सैन्याबद्दलचं काही असेल तर पीआयबीचं, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक आहे, ते सरकारचंच आहे, म्हणजे 'परदेशी लोक आपल्याविरुद्ध' हा मुद्दाही उरत नाही. तापमान बघायचं तर हवामान खात्याचं रोजचं पत्रक. सोनेगावला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, आपल्याच गावात.

पण हे सगळं शिकवताना पोरानं एक गोष्ट विसरू नये, आणि माझ्या मते या भांडणाची खरी किल्ली तिथं आहे. मामाजी गार्ड होते. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजून किती मिनिटांनी शिरली आणि किती वाजता सुटली, हे गार्ड स्वतःच्या हातानं लिहायचा. दहा बेचाळीसला आली तर दहा बेचाळीस. वेळापत्रकात दहा वीस छापलंय म्हणून दहा वीस लिहून चालायचं नाही, मग ड्रायव्हरला वाईट वाटो की साहेबाला. ज्या माणसानं नोकरीभर हे केलं, त्याला 'खरं-खोटं तपासा' हे नव्यानं सांगायची गरज नाही. पोरानं विचारावं, 'आजोबा, गाडी लेट आली की तुम्ही काय लिहायचे?' आणि मग गप्प बसून ऐकावं. खूप वेळ ऐकावं लागेल, पाण्याची बाटली घेऊन बसायचं. हवामान खात्यानं आपल्याच केंद्राचा आकडा चुकीचा म्हणून जाहीर सांगितलं, तेही याच जातीचं काम आहे हे त्याला त्यानंतर बोलता येईल. मामाजींना ते इतर कुणाहीपेक्षा लवकर पटेल.

'तुमच्या पिढीला देश म्हणजे सुट्टी' हे वाक्य नातवाला लागलंय, तुम्ही लिहिलं नाहीत तरी ते दिसतं. नाहीतर 'मी खोटं काय बोललो' असा तो अडून बसला नसता. त्याच्या मते देशाबद्दल खोटं पसरवणं हाच देशाचा अपमान. आजोबांच्या मते देशाचं कौतुक झाल्यावर हसणं हा अपमान. दोघंही देशासाठीच भांडतायत, बाप्पा, आणि दोघांचंही इतिहासाचं पुस्तक दिल्लीत नाहीतर पॅरिसात उघडतं! आपल्या सिव्हिल लाइन्सकडे झेंडा न्यायला १९२३ साली बंदी होती. चरख्याचा झेंडा घेऊन लोक रोज निघायचे आणि रोज पकडले जायचे, गावोगावहून, परप्रांतांतून आलेले. जमनालाल बजाज त्यात तुरुंगात गेले, मग नेतृत्वाला वल्लभभाई पटेल येऊन बसले. मे महिन्यात सुरू झालं होतं ते, नागपूरच्या मे महिन्यात, आणि ऑगस्टमध्ये मोर्चा झेंड्यासकट त्या रस्त्यानं गेला. त्या रस्त्यावरून तुमचा मुलगा ट्यूशनला जात असेल तर त्याला हे माहीत आहे का? मामाजींना तरी सगळं माहीत आहे का? याचा मेसेज मला आजवर कुणी पाठवलेला नाही.

मामाजींकडे तर त्याहून जवळचं आहे. इतवारी-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली, रूळ रुंद करायला घेतले. अडीच फुटांच्या त्या रुळावरून त्यांनी किती उन्हाळे काढले असतील, पत्र्याच्या डब्यात, कूलर नाही, एसी नाही. सौंसरच्या पुढे घाट चढताना गाडी कशी धापा टाकायची, उन्हाळ्यात प्लॅटफॉर्मवर पाणी कोण पाजायचं, रात्री जंगलात गाडी थांबली तर गार्डानं उतरून काय करायचं. पोरानं हे रेकॉर्ड करावं, दोन-दोन मिनिटांचं, आणि आजोबांनी ऐकून 'हो' म्हटल्यावरच कुठं टाकायचं ते ठरवावं. पाऊस पडून जरा गारवा आला की दोघांनी मोतीबागेतलं नॅरोगेजचं संग्रहालय बघून यावं. तिथं माहिती द्यायला दुसरं कुणी लागायचं नाही.

ग्रुपमध्ये त्यांना परत तुम्ही घेऊ नका. अ‍ॅडमिन कोण आहे ते मला माहीत नाही, पण 'अ‍ॅडेड' असा करडा शब्द उमटला की पुन्हा सगळ्यांना तमाशा आठवतो. त्यांना यायचं असेल तेव्हा ते नातवाला सांगतील. नाहीच आले तर एवढं काही बिघडत नाही. तिघांचा वेगळा ग्रुप करा, बाप, लेक, नातू. तुम्ही त्यात नसलात तरी चालेल. नसलात तर उत्तमच. आणि त्या भाचरांच्या आयांना तुमच्या मिस्टरांनी फोन करून एवढं सांगावं की बाबांना तो प्रकार लागलाय. बहिणींना भावानं सांगितलेलं चालतं. वहिनीनं सांगितलं की त्याचं वेगळंच काही होतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

एक शेवटचं, कूलरचंच. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की हवेत दमटपणा येतो आणि कूलर नुसतं ओलं वारं फेकायला लागतो. त्या दिवसांत दोन सरींच्या मध्ये जो उकाडा होतो तो वरच्या खोलीत काढता येणार नाही, एसीचीच खोली लागेल. म्हणजे दोन-अडीच आठवडे तुमच्या हातात आहेत. तोवर मामाजी आपणहून खाली आले तर प्रश्नच मिटला. नाही आले, तर तुमची खोली त्यांना द्या आणि तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा. गाद्या मिस्टरांना उचलायला लावा.